बिनउंबऱ्याचं घर

१

नवरा इंद्रभान वकील कोर्टात गेला, लेक यशू शाळेत गेली, की बेबीताई पदर खोचून फरशी पुसायला बसायची. आसपासच्या बायकांना या कामाचा कंटाळा होता. बेबीताईला मात्र दिवसातलं हेच काम सगळ्यात आवडीचं. माहेरी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं तिनं जमीन सारवण्यात हात झिजवले होते. आता पायाखाली लाल कोबा होता, गवंडी पुंजाजीनं घोटून घोटून असा गुळगुळीत केलेला की त्यात खिडकीची जाळी दिसायची. आणि नळ घरात होता! नळ सोडला की पाणी येई, आणि आलं की बेबीताई मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानी. कधी बाबासाहेबांचे, कधी नवऱ्याचे, कधी हे घर कागदावर काढणाऱ्या ढगेसाहेबांचे.

घर बुलढाण्याबाहेर, देऊळघाटच्या रस्त्याला एका उघड्या टेपाडावर होतं. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि साऱ्या जिल्ह्यात तसलं दुसरं घर नव्हतं. कौलं नाहीत, माळवद नाही. वर सपाट स्लॅब, तीही भिंती सोडून चांगली पुढं आलेली. समोर सिमेंटची जाळी. मागं आभाळाला उघडा चौक आणि चौकात कडुनिंब. ओसरी, बैठक, स्वयंपाकघर, चौक, सगळं एका पातळीत. रस्त्यावरून पाहिलं तर ओसरीतून थेट मागचा निंब दिसायचा. "वकीलसाहेब, घर बांधलं का बोगदा?" असं कोर्टातले लोक विचारत. ढगे नावाच्या माणसानं बांधलेलं घर गळणारच, अशीही पैज लागली होती. दोन पावसाळे गेले, घर गळलं नाही आणि पैज लावणारे दुसऱ्या विषयाकडे वळले.

या घराला उंबरठा नव्हता.

ढगे हा इंद्रभानचा नागपूरच्या वसतिगृहातला मित्र. पुढं मुंबईला जाऊन घरं आखायचं शिकला आणि हे त्याचं पहिलं घर. "काय काय पाहिजे ते सांग," असं त्यानं विचारलं, तेव्हा इंद्रभाननं आधी काय नको ते सांगितलं. लहानपणी बापाचा निरोप सांगायला तो एका मोठ्या घरी गेला होता. "थांब तिथंच," असं आतून कुणीतरी म्हणालं आणि मग ते लोक त्याला विसरून गेले. दिवस मावळेपर्यंत तो उंबऱ्याबाहेर बसून होता, बिनपाण्याचा. "माह्या घरी कोनी दारात अडून राह्यलं नाई पायजे," तो ढगेला म्हणाला. ढगे तर खूशच झाला. त्याला मुळातच जमीन आतबाहेर सलग हवी होती, त्याच्या परदेशी पुस्तकांत तशीच असायची. दोघांची कारणं निराळी होती पण मत एक झालं, आणि मित्रांमध्ये असे योग फार येत नाहीत.

२

त्या दिवशी बेबीताईनं नेहमीसारखी चौकापासून पुसायला सुरुवात केली आणि ओसरीशी येऊन थांबली. मागं वळून पाहिलं. ओला कोबा गडद लाल दिसत होता. सुकायला अजून वेळ होता. फक्त दारात, जिथं दुसऱ्या घरात उंबरठा असता त्याच्या जरा आत, भिंतीकडच्या अंगाला, एक तुकडा कोरडा होता.

राहिला असेल पुसायचा, असं म्हणून तिनं तिथं पुन्हा फडकं फिरवलं. पाणी तिच्या डोळ्यांदेखत उडून गेलं. एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल तेवढीच जागा. हात लावून पाहिला तर ऊब लागली. चुलीची किंवा उन्हाची ऊब नव्हे. कुणी बराच वेळ बसून उठावं, तशी.

बेबीताईनं हात काढून घेतला आणि स्वतःवरच हसली. धम्म घेतल्यापासून या घरात देव-देवस्की, भूत-भानामती काही मानायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि नुसतं नवऱ्यानं ठरवलं म्हणून नव्हे. तिलाही ते मनापासून पटलेलं होतं. ऊन येत असेल, ती म्हणाली. पण स्लॅब एवढी पुढं आलेली की दाराशी ऊन येतच नसे, त्याच तर गोष्टीचं ढगेला कौतुक होतं.

मग ढगेच एकदा आला. नांदुऱ्याला गाडीतून उतरून, एसटीनं घाट चढून, आपलं पहिलं घर बघायला. बेबीताईनं त्याला ती जागा दाखवली. त्यानं बसून बोटांनी कोबा वाजवला, कान लावला.

"वहिनी, खाली मुरूम पोकळ राहिला असेल. हवा अडकली की फरशी गरम लागते. काळजी करू नका, घराला धोका नाही."

"घराले नसंन भाऊ," बेबीताई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

तिला त्याचं म्हणणं पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायचं होतं, त्यामुळं लवकर पटलं. संध्याकाळी इंद्रभान कोर्टातून आला. हातात दाव्याचे कागद, चष्मा नाकावर, वाचत वाचतच तो ओसरीतून आत आला. दार चांगलं दोन माणसं शेजारी शेजारी येतील एवढं रुंद. तो सरळ चालत होता, आणि दाराशी येताच कागदावरची नजर न काढता जरासा कडेला झाला, त्या जागेला वळसा घालून आत शिरला आणि पुन्हा सरळ चालू लागला.

बेबीताईनं ते पाहिलं. तिनं नवऱ्याला या जागेबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

३

पुढं ती लक्ष ठेवू लागली, आणि लक्ष ठेवलं की दिसायचं ते दिसतंच. यशू शाळेतून धावत यायची, दप्तर फेकायची, पण त्या जागेवर तिचा पाय कधी पडत नसे. दूधवाली आपली दुधाची कासंडी तिथं न टेकवता दुसरीकडे टेकवायची. एवढंच नाही; बेबीताई स्वतःही वळसा घालत होती, कधीपासून ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यातच तिची सासू तानाबाई देऊळघाटहून आली. तिथं ती धाकट्या लेकाकडं राहायची. बेबीताई तिला मामी म्हणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंड तेवढंच तिखट. ओसरीत आली, काठी टेकून थांबली, मान वाकडी करून दारात पाहिलं.

"बेबी, कोन बसली वं हे दारात?"

"कोनी नाई, मामी. भिंतीची सावली असंन."

"सावली!" तानाबाईनं तोंड वाकडं केलं. "मले दिसत नाई म्हनून अक्कल बी गेली काय माही? बाई बसली हाय. पानी तरी देलं का तिले? आपल्या घरी बिनपान्याचं कोनी दारात बसते काय वं?"

म्हातारीला मोतीबिंदू होता, ऊन-सावलीत तिला गाईची म्हैस दिसायची. हे सगळं बेबीताईला कळत होतं. पण शेवटचं वाक्य तिला लागलं. ज्या दारात कुणी अडून राहू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच दारात... तिनं तांब्या भरला आणि त्या जागेशेजारी ठेवून दिला. सासूचं मन राखायला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तानाबाई दोन दिवस राहून गेली. तांब्या मात्र रोज तिथं राहू लागला. संध्याकाळी त्यातलं पाणी कमी झालेलं असायचं. चिमण्या पीत असतील. घरात चिमण्यांची ये-जा होतीच, जाळीतून यायच्या आणि चौकातून जायच्या.

४

उन्हं तापू लागली आणि यशूला ताप आला. आधी साधा वाटला. मग डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि मुदतीचा ताप आहे म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या. पोरीचा बिछाना बैठकीत, चौकाकडच्या भिंतीला टाकला. तिथं वारा चांगला येई. एवढ्याशा पोरीचं तोंड आणखी एवढंसं झालं होतं.

त्या दुपारी बेबीताई तिच्या कपाळावर पट्टी ठेवत बसली होती. घरात सगळं शांत, फक्त निंबाचा पाला सळसळत होता. आणि तिला दारात पाऊल वाजलेलं ऐकू आलं.

या घरात चालण्याचे आवाज तिला पाठ होते. सलग जमिनीवर माणूस सलगच चालतो. हे पाऊल तसं नव्हतं. एक पाय वाजला, मग थांबला. कुणीतरी लुगडं सावरून पाय उंच उचलावा, पलीकडं जपून ठेवावा, आणि मग दुसरा पाय ओढून घ्यावा. उंच उंबरठा ओलांडताना म्हाताऱ्या बायका ओलांडतात तसं. नसलेला उंबरठा कुणीतरी ओलांडून आत आलं होतं.

पावलं बिछान्यापर्यंत आली. कुणीतरी कण्हत खाली बसलं.

बेबीताई हलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं बिछान्याच्या पलीकडं हात लांबवून कोब्याला लावला. ऊब लागली. तशीच उठून ती दारातल्या जागेपाशी गेली, तिथं हात लावला. तिथला कोबा थंड पडला होता.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. ऊब, पावलं, तांब्या, सगळं. त्यानं चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. उलटतपासणीला एरवी त्याला निमित्त लागत नसे.

"थकली तू, बेबी," तो शेवटी म्हणाला. "झोप नाई तुले किती दिवसापासून."

"हाव, थकली. पन उंबरठा बसवा. पुंजाजीले सांगा, एक दगड आनून बसवा म्हना."

"काऊन?"

"ते आत येऊन राह्यली म्हनून! कोनी अडवलंच नाई तिले. दुसऱ्याच्या घरी अडली असती."

इंद्रभान उठून दाराशी गेला. सलग जमिनीकडं पाहत उभा राहिला. "काहीबी माग," तो म्हणाला, "हे मागू नको." बेबीताईला आपण काय मागून बसलो ते कळलं. पण बिछान्यावर पोर तापानं बरळत होती. तिनं मागितलेलं परत घेतलं नाही.

सकाळी कोर्टात निघताना तो पोरीजवळ बसला. तिचा हात हातात घेऊन किती तरी वेळ बसला. मग बेबीताईकडं न बघता म्हणाला, "सांग पुंजाजीले. पाहून घे कसा दगड पायजे तो."

त्या क्षणी बेबीताईला नवऱ्याबद्दल जे वाटलं ते तिला पुढं जन्मभर पुरलं असतं.

५

पुंजाजीला निरोप गेला. दगड घडवायला त्यानं चार दिवस मागितले. ते चार दिवस बेबीताईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. बिछान्याच्या एका बाजूला ती बसायची. दुसऱ्या बाजूला ऊब. रागानं तिनं तांब्या उचलून फेकायचा ठरवला आणि उचललाही. मग इंद्रभानची ती लहानपणची गोष्ट आठवली. तिनं तांब्यातलं शिळं पाणी निंबाला घातलं, ताजं भरलं आणि या वेळी बिछान्यापलीकडं नेऊन ठेवलं. "पानी पेजा," ती म्हणाली, "पन लेकराले सोडजा." मोठ्यानं म्हणाली की मनात, ते तिला आठवलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी यशूला घाम फुटला. अंग गार झालं. डोळे उघडून तिनं पाणी मागितलं, भाताची पेज मागितली. डॉक्टर आले, नाडी पाहून हसले. "गोळ्यांचा गुण आला," म्हणाले. बेबीताईनं त्यांनाही हात जोडले. आभार मानायला त्या दिवशी तिला माणसं कमी पडत होती.

ते गेल्यावर यशू पडल्या पडल्या छताकडं बघत म्हणाली, "आई, ते म्हातारी हाय ना..."

"कोनती वं?"

"इथं बसते ते. मले न्याले आल्ती." पोर अगदी सहज सांगत होती, शाळेतलं सांगावं तसं. "पन आता नाई नेत म्हने. म्हने, कोनाच्या घरी मले आत घेत नाईत. तुह्या मायनं पानी देलं. आता रिकामीच जातो म्हने मी."

बेबीताईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. तापात लेकरं काहीही बरळतात. ताप उतरल्यावरही बरळत असतील. तिनं एवढा विचार केला आणि मग तिला तो पुढं नेता आला नाही, कारण तिला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते. इतकं हलकं तिला या घराचा नळ पहिल्यांदा सोडला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. बिछान्यापलीकडच्या रिकाम्या जागेकडं बघून तिनं, धम्मात बसतं की नाही याचा विचार न करता, वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात बाहेर बैलगाडी वाजली. पुंजाजी घडवलेला काळा दगड घेऊन आला होता, चांगला वीतभर उंच. बेबीताई ओसरीत गेली.

"नेऊन टाक, भाऊ," ती म्हणाली. "उंबरठा नाई बसवायचा."

"काऊन वो बाई? चार दिवस ठोकून राह्यलो मी!"

"तुही मेहनत नाई बुडत. चौकात निंबाखाली टाकून ठेव, बसाले होईन. अन् तू चहा पेऊन जा."

पुंजाजीनं दगड निंबाखाली लावला, चहा प्याला, आणि शिकलेल्या लोकांच्या घरचं काम करू नये असं पुटपुटत बैल जुंपले.

६

त्याच दुपारची गोष्ट. इंद्रभानला बातमी कोर्टात पोचली होती आणि तो निघालाच असणार. बेबीताईनं त्याच्यासाठी ताज्या भाकरी टाकायला घेतल्या. तो चार दिवस धड जेवला नव्हता.

ढगेनं या घरात उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा दिला होता, चौकाकडं तोंड करून. भाकरी थापता थापता समोर निंब दिसायचा आणि पाठ सगळ्या घराकडं असायची. परातीत पीठ, तव्यावर भाकर, हात कोपरापर्यंत भरलेले. बेबीताई गुणगुणत होती. यशू पांघरुणात शांत झोपली होती. घरात ज्वारीचा खमंग वास भरला होता, आणि किती दिवसांनी तिला भूक लागली होती.

मागं कुणीतरी जमिनीवर तळहात टेकून कण्हत उठलं.

बेबीताईनं ते ऐकलं, पण त्या आनंदात ते तिला परकं वाटलंच नाही. घरात माणूस असतं, उठतं, बसतं. पावलं हळूहळू बिछान्यापासून दाराकडं गेली. तिनं तव्यावरची भाकर उलटली. कडेनं फुगू लागली होती, नेमकी आताच दाबली पाहिजे होती.

दाराशी पावलं थांबली.

"जातो, माय," एक म्हातारा, बसका आवाज म्हणाला.

"जातो काऊन म्हनता?" बेबीताई भाकर दाबता दाबता म्हणाली. घरातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाला ती हेच म्हणायची, तिची आई म्हणायची, आजी म्हणायची. "जातो म्हनू नाई. येतो म्हनावं."

भाकर टम्म फुगली.

घरात इतकी शांतता झाली की निंबाचा पालाही वाजेनासा झाला. आपण काय बोललो ते बेबीताईला आता कळलं. उलथनं हातातच राहिलं. तिनं वळून पाहिलं. दारात दुपारचा उजेड होता आणि त्या उजेडात फारसं काही दिसलं नाही. विटक्या लुगड्याचा काठ, आणि जमिनीपासून वीतभर वर, जिथं काहीच नव्हतं तिथं, ओलांडायला उचललेला एक पाय. टाचेला भेगा. तो पाय तसाच अधांतरी थांबला होता.

"खरंच काय वं?" आवाज म्हणाला. त्यात असा गहिवर होता की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. साऱ्या आयुष्यात तिला असं कुणी म्हटलं नसावं. "बरं, माय. येतो."

पाय पलीकडं टेकला, दुसरा त्याच्यामागं गेला, आणि दारात नुसता उजेड उरला.

तव्यावरची भाकर जळू लागली होती. बेबीताईला तिचा वास येत होता, पण हात पुढं होत नव्हता. बिछान्यावर पांघरूण हललं. यशू जागी झाली होती.

"आई," ती झोपेतल्या आवाजात म्हणाली, "तिले परत काऊन बलावलं वं?"